उलटी विहीर

आमच्या गावच्या केरबाला कुठल्याही गोष्टीची उंची कळत नाही, खोली कळते. पाण्याची टाकी त्याच्या लेखी सहा परस खोल आहे आणि मोबाइलचा टॉवर एकवीस परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. आमच्याकडे विहिरी याच मापाने मोजायच्या. केरबाने ते माप विहिरीबाहेर काढून गावभर लावलं. नवा तलाठी बुटका निघाला, तेव्हा चावडीत सगळ्यांसमोर त्याला न्याहाळून केरबा म्हणाला, "साहेब, हात वर करा बरं." बिचाऱ्याने केले. "पाऊण परस," केरबा म्हणाला, "पर पाणी ग्वाड हाय." तलाठी बदलून गेला, तरी त्याचं नाव आजही पाऊण परसच आहे.

केरबाचा जन्म विहिरीत गेला. तरुणपणी खोदण्यात, नंतर गाळ काढण्यात आणि विहिरीत पडलेल्या मोटारी, घागरी, शेळ्या वर आणण्यात. पिंगळीपासून मानवतपर्यंतच्या विहिरी त्याला सोयऱ्यांसारख्या ठाऊक. "ती विहीर तिरसट हाय, दुपारच्याला उतरू नये," असं तो एखाद्या सासूबद्दल बोलावं तसं बोलायचा.

तो खाली उतरला की काठावर दोर धरून त्याची बायको गयाबाई उभी. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर दिलेला त्याला चालत नसे. गयाबाई मोजकं बोलणारी. थोड्या थोड्या वेळाने ती आत वाकून एकच विचारायची, "हाय का?" खालून केरबाचा आवाज घुमत यायचा, "हाय!" चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांचं याहून लांब बोलणं मी तरी ऐकलेलं नाही.

सात वर्षांपूर्वी गयाबाई तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतर केरबाचा दोर कुणीही धरू लागलं. हाक मारायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. केरबा खालूनच मधूनमधून "हाय!" म्हणायचा, न विचारता. लोक हसायचे. मीही हसायचो.

आता हैदराबादची गोष्ट. तीच सांगायला बसलोय.

माझी लेक सुनंदा हैदराबादला असते. लहानपणी तिला आमच्या मळ्यातल्या विहिरीत केरबानेच पोहायला शिकवलेलं. गयाबाई गेल्याच्या पुढच्या वर्षी सुनंदाचा फोन आला, "बाबा, येताना केरबाकाकांना घेऊन या. एक दिवस शहर दाखवते, जरा मन रमेल." आम्ही दोघं रेल्वेने गेलो. तिने तिकीट काढून वरून शहर दाखवणाऱ्या दोन उंच इमारती ठरवल्या होत्या, एक सकाळी, एक दुपारी.

सकाळची इमारत वीस मजल्यांची. वरच्या काचेच्या सज्जात केरबाने आधी मान वाकवून खाली पाहिलं, मग तिथल्या पोराला आमच्याकडच्या दखनीत विचारलं, "भाई, पानी कित्ते पे लगा?"

"पानी? कँटीन नीचे है, चाचा."

"पीनेका नक्को. एवढं खोदे तो पानी लगा की नै?"

पोरगा माझ्याकडे बघू लागला. केरबा मला म्हणाला, "बगा गुरुजी, तीस परसाची विहीर हाय, उलटी करून ठिवली. पाणी न्हाई लागलं म्हणून वैतागले असतील."

मग त्याने कपाळ काचेला लावलं आणि हळूच म्हणाला, "हाय का?"

मी हसलो. तो ओशाळला. "तसं न्हाई गुरुजी. मी जनमभर खालीच होतो. वरून कसं दिसतं, आज कळलं. खालचा माणूस दिसतच न्हाई. गयी कशी उभी ऱ्हात आसंल वो तासन् तास?"

मी म्हणालो, "चल, चहा घेऊ." अशा वेळी मास्तर माणसाला दुसरं काही सुचत नाही.

दुपारची इमारत चाळीस मजल्यांची. नात सुनंदाच्या कडेवर झोपली होती, म्हणून ती खालीच बसली आणि आम्ही दोघं वर गेलो. तिथे जमिनीचा एक तुकडाही काचेचा होता. लोक त्याच्यावर उभे राहून फोटो काढत होते. छत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. डोंगर, दऱ्या, समुद्रसपाटीपासूनची उंची, सगळं फळ्यावर. ऐटीत पुढे झालो, काचेवर पाय ठेवला आणि खाली पाहिलं. मुंग्यांएवढ्या गाड्या माझ्या चपलांखालून जात होत्या.

पुढचं आजवर मी कुणाला सांगितलं नाही. मी काचेवर बसलो, केरबाच्या पायाला मिठी मारली आणि डोळे मिटून ओरडू लागलो, "मला खाली न्या! मला खाली न्या!" लोक गोळा झाले. माझी पँट ओली झाली होती. कुणीतरी लिफ्ट बोलावली, पण त्या पेटीत शिरायला मी तयार होईना. मला रडू येत होतं.

केरबाने आपलं उपरणं सोडून माझ्या कमरेला गुंडाळलं, ओलं झाकलं जाईल असं. त्याचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. मग तिथल्या शिपायाला म्हणाला, "सीडी कां है?"

"चालीस माले हैं, चाचा!"

"उतरनाच है ना. चढना नक्को."

जिन्यात खिडकी नव्हती. चारी बाजूंना भिंती आणि मधून खाली जाणाऱ्या पायऱ्या. केरबा माझ्या कानाशी म्हणाला, "गुरुजी, ही आपली विहीरच हाय. तुमी म्होरं उतरा. आज दोर माझ्याकडं हाय. भ्यायचं काम न्हाई." दर वळणावर मागून, वरून आवाज यायचा, "हाय का?" मी म्हणायचो, "हाय." पहिले दहा मजले माझा आवाजच फुटत नव्हता. तो थांबायचा. मी "हाय" म्हणेपर्यंत पुढची पायरी नाही. दीड तास लागला. शेवटी शेवटी मी इतक्या जोरात "हाय!" म्हणत होतो की स्वतःलाच बरं वाटत होतं. पँटही तोवर वाळली होती.

खाली सुनंदा धावत आली. आम्हा दोघांना बांधणारं उपरणं पाहून म्हणाली, "काय झालं, बाबा?"

आणि मी म्हणालो, "केरबाला चक्कर आली."

केरबाने माझ्याकडे पाहिलं. मग गाठ सोडत म्हणाला, "हाव माय. लय गरगरलं."

तिथेच थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण गावात आल्यावर पारावर मी तो किस्सा रंगवून सांगितला. केरबाने माझा पाय कसा धरला, कसा ओरडला, जिन्यात "हाय का, हाय का" करत कसा उतरला. वर्गात कमावलेला आवाज होता, नक्कल छान जमली. गाव पोट धरून हसलं. आठवड्याच्या आत पोरं केरबाला बघितलं की ओरडू लागली, "केरबाआज्या, हाय का?" केरबा पारावरून तोंड भरून उत्तर द्यायचा, "हाय!"

थट्टा थट्टेवर राहिली नाही. त्या उन्हाळ्यात गाळ काढायला त्याला कुणी बोलावलं नाही. चक्कर येणाऱ्या माणसाला विहिरीत कसं सोडायचं? मानवतकडचा एक शेतकरी, दरसाल याच्याकडूनच गाळ काढून घेणारा, मुद्दाम माझ्या घरी आला. "गुरुजी, तुमी सोबत व्हता. खरंच याला गरगरतं का? तुमी न्हाई म्हणा, मी आत्ता घिऊन जातो." माझ्या एका शब्दाचा प्रश्न होता. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा." तो दुसरा माणूस घेऊन गेला. तेव्हापासून केरबा एकाही विहिरीत उतरलेला नाही.

या वर्षी आमच्या मळ्यात बोअर घेतलं आणि विहीर बुजवायची ठरली. केरबा बघायला आला. काठावर बसून आत वाकला. "साडेसात परस," म्हणाला. "सुनी हितंच हात मारायला शिकली."

आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "केरबा, पारावर सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे मी. चक्कर मला आली होती. माझ्यामुळे तुझं काम गेलं."

त्याने एक खडा उचलून विहिरीत टाकला. मग म्हणाला, "नगा सांगू, गुरुजी."

"का? माझी अब्रू जाईल म्हणून?"

"तुमच्या अब्रूचं काय करायचंय मला?" तो हसला. "काम गेलं तवा राग आला हुता. लय आला हुता. दोन वर्सं तुमच्या दारावरनं गेलो न्हाई, तुमच्या ध्यानात तरी आलं का? पर आता काय, विहिरीच बुजायल्यात."

"मग?"

"गयी गेल्यावर मला कुणी इचारत नव्हतं वो. आता सकाळपासनं धा-बारा डाव तरी पोरं इचारत्यात. साळंला जाताना, साळंतून येताना. खरं कळलं की बंद हुतील. मग मी कुणाला म्हणू, हाय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि विहीर मुरुमाने भरली. केरबा शेवटपर्यंत काठावर उभा होता.

त्याने नको म्हटलं, तरी मी हे लिहितो आहे. माझं वय आता एकोणऐंशी. त्याचं ऐकलं असतं तर सोयीचं झालं असतं, पण त्याच्याआड मी पुन्हा एकदा लपलो असतो. तेव्हा पारावरच्या मंडळींनी आणि मानवतच्या त्या शेतकऱ्याने नीट वाचावं: काचेवर बसून रडला तो मास्तर. केरबाला आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही.

आणि शाळेच्या पोरांनो, हसायचं असेल तर मला हसा. हाक मात्र त्यालाच मारा.