शेठजींची थंडी

फ्रिज विकणाऱ्याला फ्रिज कळलेलाच असतो, अशी शेठजींची पक्की समजूत होती. शाळा त्यांनी लवकर सोडली होती (शाळेचं म्हणणं जरा वेगळं होतं), पण दुकानातून गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं, असं सहसा घडत नसे. पंखा घ्यायला आलेल्या एक आजीबाई फ्रिज घेऊन गेल्या आणि पंखा राहिलाच म्हणून दुसऱ्या दिवशी परत आल्या, ही हकिकत ते पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवत.

त्यामुळे त्यांची लेक चिमी जेव्हा म्हणाली, "बाबा, उद्या मला सगळ्या शाळेपुढे ऊर्जेवर बोलायचंय, एखादा प्रयोग सांगा ना," तेव्हा शेठजींची छाती शर्टाच्या बटणांना पेलवेना.

"सोपं आहे! फ्रिजचं दार उघडं टाकायचं. स्वयंपाकघर थंडगार! विजेतून थंडी तयार होताना बघू दे सगळ्यांना."

"पण बाई म्हणतात, ऊर्जा नव्याने तयार होत नाही. नुसतं रूप बदलते."

"तुझ्या बाईंनी किती फ्रिज विकलेत?"



लगेच दुपारी रंगीत तालीम ठरली. चिमीच्या मैत्रिणींना शेठजींनी स्वतः निरोप धाडला, येताना स्वेटर आणा! ऐन उन्हाळ्यात पोरी स्वेटर घालून स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसल्या. शेठजींनी खिडक्या लावल्या, भिंतीवर तापमापक टांगला आणि जादूगाराच्या थाटात फ्रिजचं दार उघडलं.

"आहाऽऽ!" पोरी म्हणाल्या. शेठजींनी मान तुकवली.

थोड्या वेळाने एकीने स्वेटर काढला. मग दुसरीने. तापमापकातला पारा खाली यायचं सोडून वर सरकायला लागला.

"फटीतून गरम हवा येतेय," शेठजी म्हणाले आणि पोरींनी काढलेले स्वेटर त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत कोंबले.

पारा आणखी वर.

"पोरींनो, श्वास जरा बेताने घ्या!"

"अहो, लोणी वितळून खालच्या कप्प्यात आलंय," बायको पदराने वारा घेत म्हणाली. "आता काय, मी पण श्वास थांबवू?"

फ्रिज बिचारा घरघरत होता. चिमी उठली, भिंत आणि फ्रिज यांच्यामधल्या जागेत तिने हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"बाबा, हा मागून केवढा तापलाय! थंडी तयार होतच नाहीये. हा आतली उष्णता उचलतो आणि मागे टाकतो. आपण दार उघडं ठेवलं, म्हणून खोलीतलीच उष्णता उचलून खोलीतच टाकतोय. वर याला चालवणाऱ्या विजेचीही उष्णता झाली, ती वेगळीच!"

"म्हणजे घरातला केर काढून घरातच टाकायचा," बायको म्हणाली. "हे तर तुझ्या बाबांना चांगलं जमतं."

"आणि ती वीज करायला कुठेतरी कोळसा जळतो," चिमी मैत्रिणींकडे वळली. "त्याचा वायू पृथ्वीवर पांघरुणासारखा बसतो, म्हणून सगळं जगच आपल्या या स्वयंपाकघरासारखं तापत चाललंय."

शेठजींची मान खाली जायला हवी होती, पण ती वरच निघाली. "चिमे, हे तुला सुचलं कसं गं?"

"तुम्हीच तर रोज गिऱ्हाइकांना सांगता, फ्रिज भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या. मी विचार केला, का बरं?"

इतकी वर्षं ते वाक्य बोलताना शेठजींना हा 'का बरं' कधी शिवला नव्हता. त्या दिवशी त्यांनी घामाघूम पोरींना आइस्क्रीम वाटलं (खरं तर पाजलं).

शाळेत चिमीने हाच फसलेला प्रयोग रंगवून सांगितला. पहिल्या रांगेत बसलेले शेठजी सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते. "आणि हे प्रयोगवाले बाबा माझेच" असं चिमी शेवटी म्हणाली तेव्हा तर ते उभेच राहिले.

तिथून अभिमानाने फुगूनच ते दुकानात आले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यांनी फ्रिजचं सगळं शास्त्र समजावलं.

"म्हणजे हा घरात उष्णता टाकणार?" गिऱ्हाईक दचकलं आणि तडक समोरच्या दुकानात शिरलं. तिथला दुकानदार हसून सांगत होता, "या साहेब, थंडी बनवणारं यंत्र बघा!"

शेठजींच्या डोक्यात धंदा जागा झाला. त्यांनी शाळेतून परतणाऱ्या चिमीला बोलावलं. "बाळ, समोरच्या काकांनाही जरा हे शास्त्र समजावून ये. त्यांनाही कळू दे!"

चिमी गेली आणि लगेच परत आली.

"बाबा, त्यांना सगळं आधीपासूनच ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच गिऱ्हाइकांना सांगत नाहीत."