क्रोशाच्या रुमालाखालचा चांद

मनमाडच्या अम्मीला, म्हणजे आपल्या सासूबाईंना, ईदचा चांद घरबसल्या दाखवायचा, एवढंच इसाकभाईंनी ठरवलं होतं. अम्मींचे गुडघे आता गच्चीच्या जिन्याला राजी नव्हते आणि दुसऱ्यानं पाहिलेल्या चांदावर त्यांना शिरखुर्मा गोड लागत नव्हता. इसाकभाई नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, टाइप करतात. पण कॉम्प्युटर उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो, हे ठाऊक असलेला खानदानातला एकमेव जावई तेच. (उघडलेला परत बंद करताना दोन स्क्रू उरतात, ते ते खिशात ठेवतात.)

बंद पडलेल्या सायबर कॅफेतून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, हॉलमध्ये ठेवला आणि त्याला 'सर्व्हर' म्हणायला सुरुवात केली. गच्चीतल्या टाकीवर पश्चिमेकडे तोंड करून कॅमेरा बसवला. कॅमेऱ्यातलं आकाश सर्व्हरमध्ये येणार आणि तिथून लिंक उघडेल त्याच्या फोनवर जाणार. काम अगदी सोपं.

पण गेल्या वर्षी मेहुण्यानं, फैजाननं, ती लिंक मालेगावपासून चांदवडपर्यंत सगळ्या ग्रुपवर टाकली. दोनशे माणसं एकदम येऊन धडकली आणि सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, म्हणजे ते चित्र घराबाहेर धाडणारी तळहाताएवढी पट्टी, तिनं मान टाकली. पडद्यावर एकच शब्द, 'टाइमआउट'. तिकडे अम्मी लोडिंगच्या फिरत्या गोलासमोर वीस मिनिटं हात उचलून दुआ मागत राहिल्या.

"बेटा," त्या नंतर फोनवर म्हणाल्या, "तुमच्या नाशिकचा चांद फिरतो फार."

ते वाक्य इसाकभाईंना वर्षभर बोचलं. यंदा त्यांनी केबल बदलली, कार्ड चालवणारं ड्रायव्हर-सॉफ्टवेअर बदललं, शेवटी कार्डच नवं आणलं. झाकण उघडं ठेवून, एका प्रोग्रामनं पाचशे खोटी माणसं सर्व्हरवर सोडली. कार्ड ढिम्म हललं नाही. खूश होऊन त्यांनी झाकण लावलं, धूळ पुसली आणि टीव्ही, फ्रिज, मिक्सरप्रमाणे त्याच्यावरही बायकोनं, सुरय्याभाभींनी, विणलेला क्रोशाचा रुमाल चारी टोकं सारखी करून पसरला. त्या घरात उघडं यंत्र ठेवणं म्हणजे बेअदबी.

एकोणतिसावा रोजा सुटला. नमाज उरकून इसाकभाई सर्व्हरसमोर बसले. चाळीस माणसं आली. मग शंभर. दोनशे दहा झाली आणि पडद्यावर तोच शब्द.

फोन वाजला. "बेटा, फिरायला लागला," अम्मी म्हणाल्या.

चांद काही थांबत नाही, फार तर वीस मिनिटं दिसतो. इसाकभाईंनी सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा माणसं आली, पुन्हा टाइमआउट. केबल काढली, फुंकली, लावली. घामानं भिजलेली टोपी काढून टेबलावर ठेवली. (तिच्याखाली झाकावं असं केसांचं पीक उरलेलंच नव्हतं.)

सुरय्याभाभी भज्यांची ताटली घेऊन आल्या. ठेवायला जागा नाही म्हणून सर्व्हरवर ठेवली आणि चटकन हात मागे घेतला.

"अहो, हा तर तव्यासारखा तापलाय! गर्दी वाढली की आत किती काम पडत असेल त्याला! श्वास कुठून घेणार? यावर रुमाल कशाला?"

"तूच तर विणलास!"

"मी विणला. घातला कोणी?"

इसाकभाईंनी केबल पुन्हा एकदा फुंकली.

"आणि गेल्या वर्षी?"

"तेव्हा... दुहेरी होता."

भाभींनी ताटली उचलली, रुमाल ओढला, झाकण काढायला लावलं आणि टेबलफॅन थेट कार्डासमोर लावला. पाच मिनिटांत माणसं परतली. दोनशे. तीनशे. तीनशे नव्वद! कार्ड चालतच राहिलं.

आधी पडद्यावर नुसतं करडं आकाश होतं. मग भाभींनी बोट ठेवलं. विजेच्या तारांच्या जरा वर, कापलेल्या नखाएवढी एक कोर होती. लाखो मैलांवरची ती कोर सायबर कॅफेच्या डब्यातून निघून मनमाडच्या एका पलंगापर्यंत पोचत होती, आणि या कामात आपला काडीचा का होईना वाटा आहे, हे इसाकभाईंना खरंच वाटेना.

फोनवर अम्मींचा कापरा आवाज आला. "दिसला. सुरय्या, मला दिसला."

भाभींनी पदर डोळ्यांना लावला. एवढ्यात इसाकभाईंच्या लक्षात आलं की साऱ्या जिल्ह्याला चांद दाखवताना आपण तो उघड्या डोळ्यांनी पाहिलाच नाही. ते तसेच बोडक्या डोक्यानं जिन्याकडे धावले. वर पोचताच सवयीनं गच्चीचा दिवा लावला आणि टाकीपुढे कठड्याशी जाऊन उभे राहिले. समोर खरीखुरी कोर होती. त्यांनी हात उचलले, पण मागायचं काय ते आठवेना. इतकं भरून आलं होतं.

खिशातला फोन वाजला.

"बेटा इसाक, चांद गेला."

"मावळला असेल, अम्मी."

"नाही. त्याच्या जागी दुसरा आलाय. चांगला मोठा, गोल आणि चकचकीत. गेल्या वर्षीचा फिरत तरी होता, हा एका जागी उभा आहे." अम्मींनी पडदा नीट निरखला. "पण बेटा, याला दोन्ही बाजूंनी कान कसे काय?"