धुरीकाकांचा उजवा हात

धुरीकाकांचा उजवा हात कधीच गप्प बसत नाही. माणूस खुर्चीत असतो, तोंड पेपरात असतं, आणि हात मात्र खुर्चीच्या बाजूला हवेत थापट्या मारत असतो. पंजा किंचित वाकवलेला, पाणी प्यायला धरावा तसा. थाप, थाप, थाप. मधेच तो खांद्याच्या वर जातो आणि पुन्हा खाली येतो. सोसायटीच्या एका वार्षिक सभेत तो नेमका मतदानाच्या वेळी वर गेला आणि जिन्याला पोपटी रंग मंजूर झाला. एका मताने. तो जिना मी रोज चढते.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. अंधेरी पश्चिमेला, वेसाव्याच्या किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची सात मजली बिल्डिंग आहे. मी घरगुती डबे करते. सकाळपासून दुपारी एकपर्यंत भाकऱ्या थापायच्या आणि त्यानंतर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, असा माझा दिवस. त्यातल्या निम्म्या तक्रारी धुरीकाकांच्या. ते चौथ्या मजल्यावर माझ्या शेजारीच राहतात. त्यांची बेडरूम आणि माझी बेडरूम यांच्यात एकच भिंत.

पहिली तक्रार टाकीची होती. काका गच्चीवरच्या टाकीचं झाकण काढून बांबूने पाणी ढवळताना सापडले.

"काका, प्यायचं पाणी आहे ते!"

"म्हणूनच ना! साठलेलं पाणी गुदमरतं, बाय. वारो लागाक होयो."

वारा लागायला हवा. हे त्यांचं पालुपद. चहा ते या भांड्यातून त्या भांड्यात इतका ओततात की तो पन्हं होतो. आमच्याकडे पाणी मागितलं तर दोन पेले मागतात, खालीवर करून पितात. माझा नवरा म्हणतो, "यांना दूध देऊ नकोस, लोणी काढतील."

काका मत्स्य खात्यात होते. म्हणजे ऑफिसात नव्हे. माशांची बोटाएवढी पिल्लं, ज्यांना त्या खात्यात बोटुकली म्हणतात, ती तलावांत सोडायला न्यायची, हे त्यांचं काम. प्लॅस्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून न्यायची सोय त्यांच्याकडे यायच्या आधीची ही गोष्ट. उघडे ॲल्युमिनियमचे हंडे ट्रकच्या हौद्यात ठेवायचे आणि प्रवासभर हाताने पाण्यावर थापट्या मारत बसायचं. थापटीने पाणी फुटतं, पाण्यात हवा मिसळते, बोटुकली जगतात. पाच तास, सात तास, घाट असला तर नऊ.

"आणि हात दुखला तर?"

"दुखो. थांबता कामा नये."

एकदा थांबला होता. घाट उतरताना त्यांना डुलकी लागली. किती वेळ, ते त्यांना आजही ठाऊक नाही. जाग आली तेव्हा हंड्यात सगळी पांढरी पोटं वर. काका हे सांगत होते तेव्हा माझी विळी चालू होती, समोर गवार होती. त्यांचा हात आणखी जोरात हलायला लागला, म्हणून मी विषय बदलला. साहेबांनी त्यांना तेव्हा काही म्हटलं नव्हतं म्हणे. काका म्हणाले, "बोलला असता तर बरां झाला असता."

निवृत्तीनंतर हंडे गेले. काकांनी समुद्र हातात घेतला.

रोज सकाळी सातला ते वेसाव्याला जातात, पाणी बघतात आणि येताना लिफ्टमध्ये बातमी देतात. लाटा असतील तर "आज दर्यो बरो हा." वारा पडलेला असेल तर चेहरा उतरलेला, आवाज खाली. "दर्यो निपचित पडलो हा. श्वास घेणा नाय." लिफ्टमध्ये हे ऐकलं की दिवस खराब जातो. दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन मासे खाणं सोडाच, मासळीच्या गल्लीतून रिक्षासुद्धा जाऊ देत नाहीत, त्यांनी एकदा घाबरून मला विचारलं, "सुनीताबेन, दरियो ठीक छे ने?"

मी काकांना एकदा स्पष्टच म्हटलं, "एवढा मोठा समुद्र, त्याला कशाची धाप लागतेय? लोकांना घाबरवू नका."

त्यावर त्यांनी मला खिडकीशी नेऊन आमची बिल्डिंग समजावून सांगितली. "असं समज, समुद्र म्हणजे ही बिल्डिंग. हवा येणार गच्चीवरून. थोडी पाण्यातलं बारीक शेवाळ बनवतं, पण तेही उन्हात, म्हणजे वरच्याच माळ्यावर. वारा सुटला, लाट फुटली की हवेचे बुडबुडे आत जातात, वरचं पाणी भरभरून हवा घेतं. मग खाली पोचवायची कुणी?"

"पंप?"

"थंडी! वरचं पाणी गार झालं की जड होतं. जड झालं की हवा घेऊन खाली बुडतं. पण पाणी तापलं, तर एक म्हणजे ते हवाच कमी धरतं, उन्हात ठेवलेल्या सोड्यासारखं. आणि दुसरं म्हणजे हलकं होऊन वरच बसतं. खालच्या माळ्यांची वाट लागली."

"मग तळाला काहीच नाही?"

"तळाला असते थोडी. लांब दक्षिणेकडून गार पाणी सरपटत येतं, ते घेऊन येतं. मधल्या माळ्यांचं कठीण. अरबी समुद्राचं ते जुनं दुखणं आहे, बाय. मधे हवाच नाय. आणि आता दर्यो तापतोय." काकांनी माझ्याकडे बघितलं. "माका भिया वाटता."

सत्तरी ओलांडलेला, ट्रकवर आयुष्य काढलेला माणूस असं सरळ म्हणतो तेव्हा हसता येत नाही. मी माझ्या कामाला लागले. पण त्या दिवसापासून भाजीला जाताना माझी नजर उगाच समुद्राच्या बाजूला वळायला लागली. आपण मधल्या माळ्यावर राहतो, हेही डोक्यात यायला लागलं. मला असले विचार परवडत नाहीत.

शेवटची तक्रार माझी स्वतःची होती. रोज दुपारी तीनला भिंतीपलीकडून थाप-थाप सुरू व्हायची, ती तासभर. मला वाटलं, हात आता टेबलापर्यंत पोचला. डबे संपवून मी त्याच वेळी आडवी होते. त्यांच्या घरात काकी आजारी. फुप्फुसांचं जुनं दुखणं, नाकात नळी, पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन. वर्षभरात बाहेर आलेल्या नाहीत. निदान त्यांच्यासाठी तरी या माणसाने शांत बसावं! मी सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस दिली. 'दुपारी दोन ते चार कुटणे-ठोकणे बंद ठेवावे.' काकांनी नोटीस वाचली, "बरां" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तीनला थाप-थाप सुरू. फक्त जरा मऊ.

मग ऑक्टोबर आला. तीन दिवस पान हललं नाही. चौथ्या दिवशी सकाळी काका लिफ्टमध्ये शिरले ते न बोलता. मीच विचारलं, "काय म्हणतो दर्या?"

"खालचं बिनहवेचं पाणी वर आलंय," ते म्हणाले. हात थडथड उडत होता. "बघ जाऊन. नको. जाऊ नको."

मी गेले. डबे पाठवले आणि नारळ आणायच्या निमित्ताने किनाऱ्यावर गेले. समुद्र असा मी पाहिला नव्हता. ताटात ओतलेल्या तेलासारखा. आवाज नाही. काठाशी, घोट्याएवढ्या पाण्यात, बारीक मासे दाटीने तोंडं वर करून उघडमीट करत होते. शेकडो तोंडं आणि एकाचाही आवाज नाही. मला एकदम स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला. नारळ न घेताच परत आले.

तीन वाजता पलीकडे थाप-थाप सुरू झाली. चिडायच्या ऐवजी मला बरं वाटलं. थोड्या वेळात वीज गेली, पंखा थांबला, पलीकडच्या मशीनची घरघर थांबली. भिंतीतून फक्त ती थाप येत राहिली. मी पलंगावर बसून ऐकत होते. मग तीही थांबली.

मी पायात चप्पल न घालता धावले. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं.

काकी एका कुशीवर, पाठीवर टॉवेल, उशाशी छोटा सिलिंडर लावलेला. श्वास घेताना छातीतून डबक्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज. काका पलंगाच्या कडेवर, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. बोटं वाकडी होऊन अडकली होती.

"हात गेलो," ते म्हणाले. "चलना नाय. सुनीता, हात थांबलो."

शेजाराच्या तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

"काय करायचं ते सांगा."

"पाठीवर मार. कफ सुटाक होयो."

मी बांगड्या काढल्या आणि सुरुवात केली.

"तशी नको! भाकरी नाय ती! पंजा खोल धर. आत हवा राहू दे. पोकळ आवाज येऊक होयो."

पंजा खोल धरला. आवाज बदलला. भिंतीतून तासभर यायचा तो आवाज, ज्याच्यावर मी नोटीस काढली होती, तो माझ्या हाताखालून येत होता. थाप, थाप, थाप. पाच-सहा मिनिटांत काकींना खोकल्याची उबळ आली, कफ सुटला, मी भांडं धरलं. छातीतला आवाज ओसरला. ओठांवर जरा रंग आला. मी डॉक्टरांना फोन लावण्यासाठी वळले.

"थांबू नको," काका म्हणाले.

मी एका हाताने फोन केला, दुसऱ्याने थापटत राहिले. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात पोचतो. मागे वळून बघितलं तर काका पलंगावरून उठून खुर्चीत टेकले होते आणि बसल्या बसल्या झोपले होते. मान खांद्यावर, तोंड उघडं. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला. अजिबात न हलणारा तो हात मी पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगते, ते बरं दिसत नव्हतं. छाती वरखाली होतेय ना, ते मी दोनदा बघितलं.

"काकी, आता पुरे ना?" मी हळूच विचारलं. "दुखत असेल तुम्हाला."

काकींनी डोळे उघडले नाहीत. "माका पाच मिनटां पुरतत गो. रोजच."

"मग तासभर?"

"ता हेंच्यासाठी." त्यांनी दोन श्वास घेतले. "थापटत असले की घाबरनत नाय."

मी हात उचलला.

"थांबलंस तर जागे होतले," काकी म्हणाल्या आणि चाचपडत बाजूची उशी माझ्याकडे सरकवली. "हिच्यावर मार. पंजा खोल धर हां."

मी पलंगाच्या कडेवर बसले, उशी मांडीवर घेतली आणि वीज येईपर्यंत मारत राहिले.