बाबांच्या गाडीचे धक्के

तिला वाटलं होतं, आपण गाड्यांचं इंजिनिअरिंग शिकून परत येऊ तेव्हा खचलेले रस्ते आणि धूर ओकणाऱ्या बसगाड्या आपली वाट बघत असतील, आणि माणसं म्हणतील, 'आलीस का बाई एकदाची!' प्रत्यक्षात विमानतळाबाहेर फक्त बाबा उभे होते, एका हाताने कंबर धरून. शेजारी त्यांची जुनी लांबलचक गाडी, मागच्या पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखी.

घरी पोचेपर्यंत तिचं डोकं गाडीच्या टपाला इतक्यांदा आपटलं, की परदेशात शिकलेलं निम्मं वाटेतच सांडलं असावं. (पुढचं सगळं उरलेल्या निम्म्याच्या बळावर घडलं.)

बाबा खुर्च्या करत. टपावरच्या कॅरिअरला बांधून गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः पोचवत. "आपली खुर्ची आजवर परत आलेली नाही," हे वाक्य ते कुणी नुसतं 'कसे आहात?' विचारलं तरी ऐकवत.

दुसऱ्याच दिवशी तिने गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी डोलली. डोलतच राहिली.

"बाबा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर संपलेत. दाबून सोडलं की गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी."

"थांबते की."

"कधी?"

"तुला घाई आहे का कुठे जायची?"

मग तिने ब्रेक नीट का लागत नाहीत, टायर एकाच बाजूने का झिजतात आणि बाबांची कंबर का दुखते, हे सगळं एका दमात समजावलं. शेवटी आवाज चढवून म्हणाली, "धक्के म्हणजे नशीब नव्हे, बाबा! ते बदलता येतात!"

आई आतून म्हणाली, "ही निवडणुकीला उभी राहणार आहे का?"

गॅरेजमध्ये ती स्वतः गाडीखाली शिरली. शॉकमधून तेल गळत होतं, रबरी बुशांचा बोट लावलं की भुगा होत होता, आणि एका स्प्रिंगचं टोक तुटून कधीच कुठेतरी पडलं होतं.

"ताई, एका बाजूचाच शॉक बदला. चालतंय."

"एक नवा, एक जुना, म्हणजे गाडी लंगडणार. आणि या 'चालतंय'नेच आपण बुडालो!"

गॅरेजवाल्याने गंभीरपणे मान हलवली आणि तो चहाला निघून गेला. (तिला ते मतपरिवर्तन वाटलं.)

दोन्ही बाजूंचे शॉक, बुश आणि ती स्प्रिंग बदलल्यावर गाडी मात्र लोण्यासारखी चालू लागली. बाबा खुर्च्या पोचवून यायचे ते कंबर न धरता, शीळ घालत. आपण परत आलो याचं सार्थक झालं, असं तिने मैत्रिणीला कळवूनही टाकलं.

आणि एका दुपारी खुर्ची परत आली.

ती हेडमास्तरांच्या खांद्यावर बसून आली. हेडमास्तर भरभक्कम देहाचे, निवृत्त, आणि त्या दिवशी किंचित लंगडणारे. मागे अर्धी गल्ली, मयतीला चालावी तशी खाली मान घालून. त्यांनी खुर्ची दारात ठेवली, तिचा सुटा पाय तिच्याच बैठकीवर ठेवला आणि म्हणाले, "माझी काही तक्रार नाही. मी फक्त बसलो होतो."

बाबांनी सांध्यात बोट घातलं. कितीतरी वेळ काढलंच नाही. मग दुकानात गेले, रंधा आणि पटाशी फडक्यात गुंडाळली आणि फडक्याला गाठ मारून ते घरात आणून ठेवलं.

"हात गेले माझे," ते म्हणाले. "उद्यापासून दुकान बंद."

संध्याकाळी जेवायलाही ते उठले नाहीत. ती स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली.

"आई, इतक्या वर्षांत खरंच एकही खुर्ची मोडली नाही?"

"मोडायच्या की! पण वाटेत. चारातल्या एखादीचा सांधा तुझ्या त्या धक्क्यांनी सुटायचा. मग हे गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत परत यायचे, सांधा घट्ट करायचे, पुन्हा न्यायचे. गाडी नालायक, हात सोन्याचे, असा यांचा हिशेब."

म्हणजे बाबांची अब्रू ती तुटकी स्प्रिंग राखत होती! कच्चा सांधा वाटेतच उघडा पडायचा आणि शिव्या गाडी खायची. तिने ते धक्के काढले, आणि कच्चा सांधा थेट हेडमास्तरांपर्यंत सुखरूप पोचला.

सकाळपर्यंत तिने सगळा विचार केला. जुने शॉक परत बसवणं शक्य नव्हतं. ब्रेकचा प्रश्न होता, बाबांच्या कमरेचा होता. खरं सांगणं त्याहून अशक्य होतं. 'हात पहिल्यापासून असेच होते,' हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं? धक्के खुर्च्यांना हवेत, बाबांना नकोत; आणि शिव्या खायला कुणीतरी हवं. तिने ठरवलं.

चहाच्या वेळी तिने बाबांसमोर एक चित्र ठेवलं. गाडीमागे जोडायची दोन चाकांची ट्रॉली.

"खुर्च्या टपावर नकोत, बाबा. ओझं वर असलं की गाडी वळणावर कलते. मी करते ही ट्रॉली."

बाबांनी नाइलाजाने चित्राकडे पाहिलं. मग चष्मा लावला. मग खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

"याला स्प्रिंग कुठायत?"

तिने सारी पदवी चहाच्या घोटाबरोबर गिळली.

"अगं बाई! राहिल्याच की!"

"आणि शॉक?"

"तेही विसरले."

कालपासून मेलेला बाबांचा चेहरा हळूहळू उजळला.

"अगं, ऐकलंस का!" त्यांनी आईला हाक मारली. "सातासमुद्रापार जाऊन आली आणि गाडी करताना स्प्रिंगच विसरली! हिच्या ट्रॉलीत खुर्च्या मोडणार नाहीत तर काय होणार?"

"मग दुरुस्त करते," ती कशीबशी म्हणाली.

"राहू दे," हत्यारांच्या फडक्याची गाठ सोडत बाबा म्हणाले. "तुला जमेल तेवढंच कर."