होणाऱ्या व्याह्याची फाईल

"कोर्टाचा कागद काढायचा म्हणजे काय डोंगर उपसायचाय? सकाळी जाते नि दुपारचा भात खायला परत येते!"

आनंदीआत्याने असं जाहीर केलं तेव्हा कडावातल्या त्या घरात कुणाचीही 'नाही' म्हणायची छाती नव्हती. तिचा धाकटा भाऊ नामा गोठ्यातून नुसता "बरं" म्हणाला. नामाने आयुष्यात दोनच शब्द वापरले होते, एक "बरं" आणि दुसरा "हो". आत्या बत्तीस वर्षं अंगणवाडीत होती. गावातल्या निम्म्या लोकांची नाकं तिने स्वतःच्या हाताने पुसली होती, त्यामुळे उरलेले निम्मेही तिला वचकून असत.

प्रश्न नामाच्या हर्षलाचा होता. पोरगी कर्जतला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिच्यासाठी चौकच्या रोहिदासशेठच्या देवेशचं स्थळ आलं. मुलाचं गॅरेज, बापाचा हायवेला ढाबा. पोराने हर्षलाची बंद पडलेली स्कुटी बघायला म्हणून तीनदा कडावला येऊन दाखवलं होतं, आणि स्कुटी पहिल्याच वेळी सुरू झाली होती! सगळं जुळलं होतं. तेवढ्यात चौकला दूध घालणारा जैतू आत्याच्या कानाशी लागला.

"आत्ये, बोलू नको कुठं. रोहिदासशेठवर मोठी केस झालेली. पोरीची. पळवून नेलेली म्हणं! सव्वीस-सत्तावीस वर्सं झाली."

आत्याने चहाचा कप बशीत आपटला.

"आत्ये, तू मधी पडू नको गं," हर्षला रडकुंडीला आली. "मी विचारते देवेशला."

"आणि तो काय सांगंल? माझा बाप पोरी पळवतो? तोंडाचं नाय, कागदाचं खरं!"

आणि आत्या निघाली. कर्जतच्या कोर्टात पोचली तर फाटकावरच्या हवालदाराने तिथूनच परत फिरवलं. "मावशी, चौक खालापूर तालुक्यात. केस तिकडं असणार."

भात हुकला! आत्या टमटममध्ये बसून चौकला आली आणि खालापूरच्या गाडीची वाट बघत उभी राहिली. उभी राहिली ती नेमकी रोहिदासशेठच्या ढाब्यासमोर. हे लक्षात आल्यावर तिने पदर असा काही तोंडावर ओढला की, समोरून बघणाऱ्याला वाटावं, झाकून ठेवलेली मूर्तीच!

"अवो आत्याबाई! तुमी इथं?"

मूर्ती दचकली. समोर साक्षात आरोपी उभा! पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात तिच्यासाठी पाण्याचा ग्लास.

"मी... खालापूरला. तहसीलदार कचेरीत. दाखला काढायचाय."

"मग टमटम कशाला? मी हाय ना!"

आत्याने "नको नको" बारा वेळा म्हटलं, पण रोहिदासशेठने मोटारसायकल काढली होती. आणि अशा रीतीने आरोपी स्वतःच्याच केसचा कागद शोधायला निघालेल्या बाईला मागे बसवून खालापूरला घेऊन गेला! वाटेत तो प्रत्येक खड्ड्याआधी "धरून बसा हां" म्हणत होता. आत्या मनात म्हणत होती, गोड बोलतोय. त्या पोरीलाही असंच बसवलं असंल मेल्यानं!

कचेरीपाशी उतरून आत्या आत शिरली, शेठची पाठ वळताच मागच्या दाराने बाहेर पडली आणि कोर्टाच्या नक्कल विभागात जाऊन टेकली.

कारकून शांत माणूस होता. "केस नंबर?"

"नाय."

"साल?"

"सव्वीस-सत्तावीस वर्सं झाली."

"तुम्ही या केसमध्ये कोण? फिर्यादी? आरोपी?"

"आरोपीच्या होणाऱ्या सुनेची आत्या."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "असा रकाना नसतो, बाई. त्रयस्थ लिहा. आणि नक्कल कशाला हवी त्याचं कारण लिहा."

आत्याने अंगणवाडीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'मुलगी द्यायची आहे. मागाहून पस्तावायला नको.' कारकुनाने ते दोनदा वाचलं, कोर्ट फीचं तिकीट चिकटवून घेतलं आणि म्हणाला, "जुनी रजिस्टरं बघावी लागतील. बाहेर बाकावर बसा. बोलावतो."

आत्या बसली. पंख्याचा वारा, पोटात भूक; जरा डोळा लागला. इतक्यात कुणीतरी खणखणीत आवाजात पुकारलं, "आनंदीबाई हाऽऽजिर!"

एवढ्या लवकर सापडली फाईल? आत्या ताडकन उठली, आवाजाच्या दिशेने दारातून आत घुसली आणि शिपायाने बोट दाखवलं तिथे जाऊन उभी राहिली. तिथे लाकडी कठडा होता. समोर काळे डगले होते. उंचावर न्यायाधीशबाई होत्या.

"आनंदीबाई तुम्हीच?"

"हो, मीच."

"खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, म्हणा."

कागद देताना एवढा विधी असतो हे आत्याला ठाऊक नव्हतं. पण तिने ठणठणीत आवाजात म्हटलं.

सरकारी वकील पुढे आले. "बाई, चोरीला गेलेल्या कोंबड्या तुम्ही पाहिल्या होत्या?"

"कोंबड्या?" आत्या 'कसल्या कोंबड्या, मी रोहिदासशेठच्या केसची नक्कल न्यायला आले' असं म्हणणारच होती. तोंड उघडलंही. आणि तिची नजर दाराकडे गेली.

दारात रोहिदासशेठ उभा होता! कचेरीत आत्या दिसेना म्हणून बिचारा शोधत शोधत इथवर आला होता. हातात वडापावची पुडी होती.

आता खरं बोलावं तर सोयरीक जागच्या जागी मोडणार!

"पाहिल्या ना," आत्या म्हणाली.

"कशा होत्या?"

"होत्या... कोंबडीसारख्या. गावठी."

"किती?"

"मोजल्या नायत. पळत होत्या."

आरोपीचे वकील उसळले. "बाई, घटना रात्री दोनची. तेव्हा कोंबड्या पळत होत्या?"

"चोरानं धरल्यावर बसतील होय?"

वकील खाली बसले. सरकारी वकिलांचा चेहरा फुलला. इतका चोख साक्षीदार त्यांना वर्षात मिळाला नव्हता! तेवढ्यात दारातून एक म्हातारी धापा टाकत आत आली. "मला पुकारलं का वं? मी आनंदी. कोंबड्या माज्या हायत. चहा प्यायला गेलते."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही कोण?"

"मी पण आनंदीच," आत्या पुटपुटली. "पण दुसरी. चुकून आले."

"शपथ घेऊन चुकून?" बाईंनी दहा मिनिटं तिला असं काही सुनावलं की बत्तीस वर्षांत आत्याने पोरांना सुनावलेलं सगळं व्याजासकट परत मिळालं. शेवटी "पुन्हा असं केलंत तर सोडणार नाही" म्हणून बाहेर काढलं. तिचं सगळं बोलणं लेखनिकाला खोडावं लागलं.

बाहेर रोहिदासशेठ नव्हता. बाकावर वडापावची पुडी तेवढी होती.

आणि कारकून हाक मारत होता, "सापडलं, बाई! राज्य विरुद्ध रोहिदास. कलम तीनशे त्रेसष्ट."

"म्हंजे?"

"अपहरण. नक्कल आठ दिवसांनी न्या."

आत्याने वडापावची पुडी न सोडताच पिशवीत कोंबली.

इकडे चौकला हाहाकार! "पोरीची आत्या कोर्टात खोट्या साक्षी देते! मी डोळ्यांनी पाहिलं!" रोहिदासशेठने घरी सांगितलं. देवेशने जेवण टाकलं, हर्षलाने फोन उचलणं टाकलं. आत्याने नक्कल आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, रोहिदासशेठ बायकोला, रूपालीबाईंना घेऊन कडावला आला. चेहऱ्यावरून सोयरीक मोडायलाच आलेला दिसत होता.

"आधी तुमी बोला," तो म्हणाला. "कोंबड्यांचं काय?"

"कोंबड्या ऱ्हाऊ द्या! आधी तुमचं बघू!" आत्याने शिक्क्याचा कागद फडकवला. "पोरगी पळवली होती तुमी! आज सगळ्यांसमोर वाचते!"

रोहिदासशेठ लालबुंद झाला आणि खाली बघू लागला. रूपालीबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. आत्याला वाटलं, बिचारीला आज कळतंय! तिने चष्मा चढवून खड्या आवाजात सुरुवात केली.

"'मुलीने कोर्टात सांगितले की, आरोपीने मला पळवले नाही. आरोपी यायलाच तयार नव्हता. तो म्हणत होता, आज भाताची झोडणी आहे, उद्या जाऊ. तेव्हा मी त्याला हाताला धरून टेंपोत बसवले.'"

आत्याचा आवाज जरा उतरला.

"'टेंपो माझ्या वडिलांचा होता. चालवत मीच होते. आरोपी वाटभर रडत होता.'"

हर्षलाच्या तोंडून पहिला फुस्सकन आवाज निघाला.

"'शाळेच्या दाखल्यावरून मुलगी एकोणीस वर्षांची असल्याचे सिद्ध होते. फिर्यादी वडिलांनी उलटतपासणीत कबूल केले की, त्यांची मुख्य तक्रार टेंपोबाबत होती. आरोपीची निर्दोष मुक्तता. मुलीचे नाव...'" आत्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "'रूपाली.'"

रूपालीबाई आता उघडच हसत होत्या. "अवो, हे तर ढाब्यावर चहा पिणाऱ्या गिऱ्हाइकाला बी सांगते मी. तुमी विचारायचं होतं!"

"आणि मी रडत नव्हतो," रोहिदासशेठ पुटपुटला. "सर्दी झाली होती."

"बरं," नामा म्हणाला.

मग आत्याने कोंबड्यांचं सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. रूपालीबाई हसून हसून ओसरीवर आडव्या झाल्या. तो कागद त्यांनी मागून घेतला. लग्नाचा एकही फोटो नव्हता त्यांच्याकडे. हा तरी भिंतीवर लावू म्हणाल्या. हर्षला सासूकडे बघत बसली होती. स्थळ पसंत होतंच, पण आता तिला सासू मुलापेक्षाही जास्त आवडली होती!

माघात लग्न झालं. थाटात झालं. आठवड्याने सगळे ग्रामपंचायतीत नोंदणीला गेले. ग्रामसेवकाने अर्ज पुढे सरकवला. "साक्षीदार तीन लागतील. मोठं माणूस आधी."

आत्या पदर सावरून पुढे झाली. वयाने, मानाने पहिली सही तिचीच! तिने पेन उचललं, तोच रोहिदासशेठने दोन्ही हात जोडले आणि अलगद ते पेन तिच्या बोटांतून काढून घेतलं.

"आत्याबाई, पाया पडतो," तो म्हणाला. "आशीर्वाद द्या, आहेर द्या, दोन शिव्या द्या. पण साक्ष तेवढी देऊ नका!"