हिराजीकाकांच्या फटफटीचं झाकण

आमच्या शेजारचे हिराजीकाका फटफटी बिघडली असं कधीच म्हणायचे नाहीत. "तिला सर्दी झालीय," म्हणायचे. मग अंगणात उकिडवे बसून तिच्या कुशीला कान लावायचे आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्या आळीला गप्प करायचे.

ही फटफटी लष्कराच्या भंगारातली. काका बेलापूरच्या मिठागरावर मुकादम. एकदा खाडीच्या चिखलातून येताना तिच्या हवेच्या जाळीवरचं झाकणच पडलं. तेव्हापासून ती अशी घोरायची की लांबूनच आया झोपलेल्या पोरांचे कान झाकायच्या. काकांना त्याचं काही नव्हतं. हरकत होती काकूंची. त्यांचं माहेर खाडीपलीकडे उलव्याला. काकूंना मागे बसवून, पनवेलचा वळसा घालून, ऐटीत सासुरवाडीला जावं एवढीच काकांची हौस. काकू दर वेळी होडीनं निघून जायच्या.

"होडीत मानूस बोलतो तरी," त्या म्हणायच्या. "हिच्यावर बसून काय बोलू? तुमाला ऐकू येनार हाय का?"

आता उलव्याला काकूंच्या भाच्याचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मुंबईहून नवं झाकण मागवणं परवडणारं नव्हतं. काका गाडीचं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, सुट्टीत घरी आलेली, आणि चारचौघांत तोंड न उघडणारी.

"वाच बाय. साहेब काय बोलतो?"

"झाकणात कोणताही फेरफार करू नये," मी हळूच म्हटलं.

"कोनी?"

"कोणीच."

"तसं नाय गो. साहेबाला जमत नाय म्हनून तो नको बोलतो. आपल्याला जमतं."

पहिलं झाकण बिस्किटांच्या डब्याचं. खिळ्यानं पाडलेल्या भोकांतून हवा जाताना ते शीळ घालू लागलं. पाणवठ्यावरच्या बायकांनी काकांकडे असं पाहिलं की ते तिथूनच गाडी ढकलत परत आले.

दुसऱ्यासाठी जाड पत्रा हवा होता. तसा घरात एकच होता, काकूंच्या सोड्यांच्या डब्याचा. काकांनी तो कापला, आत काथ्या भरला. आवाज निम्म्यावर आला. पण इंजिन तापलं आणि सुक्या कोलंबीचा वास सुटला. संध्याकाळी काका मिठागरावरून परतले तेव्हा मागून पाच मांजरं चालत होती.

"माझे सोडे कुठं ठेवलेत?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"फडक्यात बांधलेत. गाडीला डबा पायजे व्हता."

"मग आता कालवन पन तीच करू दे!"

काकांनी तोच पत्रा चिंच आणि राख लावून घासला, उन्हात टाकला, पुन्हा घासला. काथ्याच्या जागी जुन्या घोंगडीचा तुकडा बसवला. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी सुरू केली आणि माझ्याकडे न बघता दाराकडे बघत राहिले. आवाज जातं फिरावं तसा येत होता. काकू बाहेर आल्या, पदराला हात पुसत जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

"उद्या लवकर निघू," म्हणाल्या आणि आत गेल्या. काका मात्र गाडी बंद करायचं विसरले.

सकाळी काकू गाठोडं मांडीवर घेऊन एका बाजूला बसल्या आणि गाडी अंगणाबाहेर पडायच्या आतच बोलायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी दोघं परतली. "वाटंत तीन वेला बंद पडली," म्हणत काकू हसतच आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. मी सहसा कुणाला काही विचारत नाही, पण काकांना विचारलं, "झाकण नीट बसलं नव्हतं का?"

काकांनी आधी दाराकडे पाहिलं.

"बंद पडली नाय गो. मीच बंद केली." ते आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "हिच्या सगल्या गोष्टी होडीतच संपतात. घरी आली का मना नुसतं जेवाला बोलावते. या वेली वाटंतच आठवत गेली, ल्हानपनचं, बापाचं. चढावर गाडीचा आवाज वाडला, नि तिचा एक शब्द बुडाला. मंग काय करनार? थांबलो झाडाखाली. म्हटलं, बोल."