थेंब ऐकणारे अप्पा

रविवारी दुपारी साडेतीनला आमची कडी वाजली की दारात कोण आहे हे बघायला लागत नसे. मन्मथअप्पा असायचे. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, खिशात तंबाखूची जुनी डबी आणि तोंडात एकच वाक्य : "सर, तुमच्या मोरीत थेंब पडून राहिलाय."

अप्पांचं घर आमच्यापासून चौथं. मधल्या दोन घरांच्या भिंती, एक पिठाची गिरणी आणि आमची बंद खिडकी, एवढं सगळं ओलांडून त्यांना आमच्या मोरीतला थेंब ऐकू येतो, याचं गल्लीला मोठं कौतुक होतं. बावीस घरांत असं एक घर नव्हतं जिथे अप्पांनी नळ दुरुस्त करून दिला नाही.

आमचं लातूर पाण्याच्या बाबतीत पोळलेलं गाव. रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी आम्ही सगळे शहाणे झालो होतो. पोळी लाटताना हात धुवायचं पाणी मोरीत न सोडता तुळशीला घालत होतो. पुढे दोन पावसाळे बरे झाले आणि शहाणपण ओसरलं. अप्पांचं ओसरलं नाही. अजूनही नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअरचं खारं पाणी. ते खारं पाणी नळातले वायसर, म्हणजे आतल्या रबरी चकत्या, खाऊन टाकतं. अप्पांच्या डबीत तंबाखू नसायची, वायसर असायचे.

अप्पा उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, चाळीस वर्षं मापाडी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही त्यांच्या धंद्याची रीत. नळ टपकत असला तर ते त्याच्याखाली बोट धरायचे, डोळे मिटायचे आणि मोजायचे, "लाभ... दोन... तीन..." वीसपर्यंत मोजून निकाल द्यायचे. "सर, पोतं फाटलंय तुमचं."

माझा स्वभाव आकड्यांचा. शाळेत गणित शिकवतो, घरात पाण्याची वही ठेवतो. अप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मी नळाखाली लोटा ठेवून मोजलं. आठ तासांत दीड लिटर. म्हणजे दिवसाला साडेचार, आणि पुढचं पाणी येईपर्यंत पंचेचाळीस. मी हबकलो. तेव्हापासून वहीत अप्पांसाठी वेगळं पान केलं. तारीख, कुठला नळ, थेंब खरा की खोटा.

कारण प्रत्येक वेळी थेंब पडत नसे. अप्पा मोरीत जायचे, बोट धरायचे आणि ते कोरडंच राहायचं. तरी माघार नाही. "थांबला आसल आता. पानी लई हुशार असतंय सर, माझी चाहूल लागली." मग बाहेर येऊन बाजेवर बसायचे. सुनंदा, म्हणजे माझी बायको, विचारायची, "अप्पा, चहा टाकू?"

"हाव."

"की जेवूनच जाता?"

"हाव."

"का नांदेडला लेकीकडं निघालाव?"

"हाव."

ती हसत आत जायची. "माणूस आपल्याच नादात असतो हो," म्हणायची. आणि खरंच, अप्पा दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबत नसत. मोंढ्यातल्यासारखं मोठ्या आवाजात एकटेच बोलत : तूर कशी मोजायची, भिजलेल्या हरभऱ्याचा आवाज कसा असतो, त्यांची बायको तांब्याभर पाण्यात अंगण कशी सारवायची. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. चहा संपला तरी बोलणं संपत नसे. माझी रविवारची झोप मात्र संपायची.

लेक महानंदा नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर राहते. दर दिवाळीला ती अप्पांना न्यायला यायची आणि दर दिवाळीला एकटी परत जायची. अप्पांचं उत्तर ठरलेलं. "मी आलो तर गल्लीचं पानी कोन राखंल?" ते गमतीनं म्हणत नसत. त्यांचं इथे राहणं त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि हे मला ठाऊक होतं.

ठाऊक असूनही मी जे केलं ते सांगतो.

गेल्या वर्षी बाजारात बिनवायसरचे नळ आले. दांडी पाव फेरा फिरवली की बंद, झिजायला आत वायसरच नाही. मी आमचे पाचही नळ बदलले. गल्लीत सगळ्यांना पटवलं, बावीसपैकी एकोणीस घरांनी बदलले. पाण्याच्या हिशेबानं याहून चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. त्याच दिवाळीला महानंदा आली आणि मला म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा अप्पाला. तुमचं मानतात ते. एकटे पडले कुठं तर कुणाला कळणार?"

मी सांगितलं नाही, सिद्ध केलं. सकाळी सहाला पाचही नळांखाली स्टीलच्या वाट्या ठेवल्या आणि दोनपर्यंत कुणी नळाला हात लावायचा नाही असं बजावलं. सुनंदा साचलेल्या भांड्यांकडे बघत म्हणाली, "सण हाय आज. परीक्षा कुणाची घेऊन राहिलाव तुम्ही?" मी ऐकलं नाही. साडेतीनला अप्पा आले. "सर, तुमच्या मोरीत—"

मी पाचही वाट्या त्यांच्यापुढे बाजेवर मांडल्या. उपड्या करून दाखवल्या. हाताच्या बोटांनी शून्य केलं.

अप्पांनी एकेका वाटीत बोट फिरवलं. मोजलं नाही. मग उठून पाचही नळांखाली बोट धरून आले. खिशातली डबी काढली, उघडली, परत बंद केली. "मंग बरं झालं," म्हणाले. चहा न घेता निघाले. तिसऱ्या दिवशी अप्पा महानंदेबरोबर नांदेडला गेले.

मला वाटलं, दोन्ही कामं झाली.

उन्हाळ्यात एका लग्नाला नांदेडला गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. रिक्षातून गोदावरी दिसली, पात्रात वाळूची बेटं उघडी पडलेली. महानंदेनं दार उघडलं आणि म्हणाली, "बरं झालं आलात. जरा मोठ्यानं बोला मात्र, तुम्हाला माहीतच आहे."

"काय माहीत आहे?"

"अप्पाचे कान. आई जायच्या आधीपासूनच गेलेत. मशीन आणलंय, पण कपाटात. तोंडाकडे बघून थोडं कळतं, नाहीतर सगळ्याला हाव म्हणतात." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी दारातच उभा राहिलो. वहीतलं ते पान मला पाठ होतं. आमच्याकडे अप्पा एकूण एकोणीस वेळा आले. अकरा वेळा थेंब खरा निघाला. खाऱ्या पाण्याच्या गल्लीत कुठल्याही घराची कडी वाजवली तर एवढं निघणारच. उरलेल्या आठ वेळांपुढे मी लाल शाईनं 'चूक' असं लिहिलं होतं. अकरा वेळा नळासाठी आले असतील. त्या आठ वेळा चहा मात्र ते जास्त सावकाश प्यायले होते, हे मी कुठे लिहिलं नव्हतं.

अप्पा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आधीपेक्षा बारीक. इथे नळाला रोज पाणी, फ्लॅटची दारं बंद, आणि कड्यांच्या जागी घंटा. त्यांनी मला बघून हात जोडले. "शरणार्थ, सर."

मी त्यांच्यासमोर बसलो, ओठ दिसतील असा, आणि आयुष्यात क्वचितच करतो ते केलं. खोटं बोललो.

"अप्पा, आमच्या मोरीत थेंब पडून राहिलाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. हात खिशाकडे गेला, डबीवर थांबला, आणि तसाच खाली आला. भस्माखालच्या आठ्या हलल्या. ते हसत होते.

"त्या नळाला वायसरच नसतंय सर," ते म्हणाले. "थांबला आसल आता. पानी लई हुशार असतंय."

मग दाराकडे वळून, अख्ख्या मोंढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "महानंदे! च्या टाक. सर आलेत, नळाचं काम हाय."